सगुणेचा पहारा

सिंदफणेच्या काठी बोरखडी नावाचे गाव आहे. गाव फार मोठे नाही. शे-सव्वाशे उंबरा, एक मारुतीचे देऊळ, आणि देवळाच्या मागे पाषाणात बांधलेली खोल बारव. श्रीकेरोबा महाराजांच्या पायधुळीने जी गावे पावन झाली, त्यांत बोरखडीचे नाव आवर्जून घ्यावे लागते. महाराज कुठे राहतील, कुठे जेवतील, याचा नेम नसे. हातात खराटा घेऊन ते एखाद्या गावच्या वेशीतून शिरत आणि सरळ देवळाचे आवार झाडायला लागत. "नाव केरोबा, काम केर काढणं. माणसानं नावाला जागावं," असे म्हणून स्वतःच हसत. ज्यांना ओळख नसे ते "अहो बुवा, तो कोपरा राहिला" म्हणून त्यांनाच हुकूम सोडत. महाराज तोही कोपरा झाडून काढीत.

त्या वर्षी चैत्रात हनुमान जयंतीचा अखंड हरिनाम सप्ताह बसला होता आणि महाराज गावात आले होते. सप्ताहाचा एक दंडक तुम्हां सर्वांना ठाऊक आहे, तरी पुन्हा सांगतो, कारण पुढची सगळी कथा त्याच्यावर उभी आहे. सप्ताह बसला की वीणा उभी राहते. सात दिवस कुणीतरी ती गळ्यात घेऊन उभे राहायचे आणि नाम चालू ठेवायचे. एकाचा पहारा संपला की दुसऱ्याने पुढे यावे, "माउली, द्या" म्हणावे. देणाऱ्याने वीणा त्याच्या गळ्यात घालावी, आणि दोघांनी एकमेकांच्या पायांना हात लावावा. लहान कोण, मोठा कोण, हे तेवढ्यापुरते विसरायचे. आणि काहीही होवो, वीणा भुईला टेकवायची नाही.

बोरखडीत या दंडकाचे राखणदार म्हणजे नरहरतात्या मोकाशी. पहाऱ्याची यादी त्यांच्या कमरेला, आवाज वेशीपर्यंत, आणि नाक... नाकाचे काय सांगावे! बत्तीस वर्षे त्यांनी सप्ताह चालवला होता. बत्तीस वर्षांत वीणा एकदाही भुईला टेकली नाही, हे ते भेटेल त्याला सांगत. न भेटेल त्याला निरोप धाडून सांगत. माणूस वाईट नव्हता बरे! कुणी आजारी पडले तर त्याचा पहारा स्वतः उभा राहून द्यायचा. पण पुण्याईचीही मस्ती चढते, भाविकहो, आणि ती उतरायला फार जड जाते.

आता सगुणेकडे वळू. तुळशीराम शिंप्याची ही एकुलती एक लेक, नऊ वर्षांची. दोन वर्षांमागे गावात पटकीची साथ आली. अठरा माणसे गेली, त्यांत तुळशीरामही गेला. त्याची बायको गिरजा पंचक्रोशीत वाकळ शिवायला नावाजलेली. तिच्या हातची वाकळ थंडीत अंगावर घेतली की माणूस कोंबडा आरवेपर्यंत कूस बदलत नसे. नवरा गेल्यावर ती आधी खूप रडली. मग रडायची थांबली. पुढे बोलायचीही थांबली. भिंतीला टेकून बसे, केस विंचरीना, पुढ्यातली भाकरी तशीच वाळे. कधी रातबेरात्री उठे आणि कुणी हाक मारल्यासारखी चालू लागे.

गावाने आपल्या परीने निवाडा केला. कुणी म्हणाले बाहेरची बाधा आहे, कुणी म्हणाले झाड लागले. आयाबायांनी आपापली पोरे त्या दारावरून बाजूला ओढली. नरहरतात्यांनी तर चावडीवर बोलूनच दाखवले होते, "असलं माणूस गावात मोकळं ठेवू नये. डोंगरावरच्या देवस्थानात नेऊन साखळीला बांधावं, आणि पोर मामाकडे धाडावी." सगुणेने ते ओट्याखाली उभी राहून ऐकले. मायला साखळी घालतील आणि आपल्याला तिच्यापासून तोडतील, ही एकच धास्ती तिच्या पोटात बसली.

म्हणून त्या एवढ्याशा पोरीने काय केले ऐका. कुणी वाकळ शिवायला टाकायला आले की ती उंबऱ्यातच उभी राही. "माय आत्ताच निजली, मीच देते तिला." आणि मग स्वतः शिवी. टाके वाकडे पडत, बोटे सुईने फुटत. लोक म्हणत, "गिरजेचा हात बिघडला गं!" आणि ती मान डोलवी. चूल तिची, पाणी तिचे, मायची वेणी घालणे तिचेच. झोपताना वाकळीचा जाड दोरा घेऊन एक टोक मायच्या पदराला बांधी आणि दुसरे आपल्या बोटाला. दोरा ओढला गेला की जाग येई, आणि माय उंबऱ्याबाहेर पडायच्या आत तिला परत आणून निजवी. असे दीड वर्ष चालले होते. शेजारच्या कोंडामावशीला थोडी कुणकुण होती, पण तिनेही 'आपण कशाला पडा' म्हणून दार लोटून घेतले होते.

याहूनही एक जड गोष्ट त्या पोरीच्या छातीवर होती. ती तिने दोऱ्यालासुद्धा सांगितली नव्हती.

सप्ताहाच्या तिसऱ्या दिवशी, माध्यान्हीला, सगुणा देवळात आली. दुपारी माय घटकाभर डोळा लावी. तेवढ्यात दाराला बाहेरून कडी घालून ती धावत येई आणि खांबाआड वीणेकडे तोंड करून हात जोडून उभी राही. रोज घटकाभर उभे राहायचे, असा तिने मनाशी नवसच केला होता. पण आदल्या रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता. टाळांचा ठेका, देवळातला गारवा... उभ्या उभ्याच तिचा डोळा लागला. ती कलली ती थेट पाण्याने भरलेल्या हंड्यावर. हंडा खणखणत सभामंडपात गडगडला आणि भजनातले टाळ थबकले.

"अगं ए!" नरहरतात्या कडाडले. "देवाच्या दारी निजायला आलीस होय? कुणाची गं ही? शिंप्याची का! मग बरोबर आहे. वेडीची पोर! घटकाभर जागवत नाही, अन् म्हणे पहाऱ्याला उभी!"

बायांमध्ये दोघी-तिघी फिसकन हसल्या. सगुणा ओल्या फरशीवर बसली होती, आणि तिला उठताही येईना.

महाराज कोपरा झाडत होते. त्यांनी खराटा ठेवला, हंडा सरळ केला आणि तिच्यासमोर उकिडवे बसले.

"लागलं का गं?"

"न्हाई."

"नाव काय तुझं?"

"सगुणा." आणि कुणी विचारायच्या आतच ती घाईने म्हणाली, "माय बरी हाय माझी."

"मायचं मी विचारलंच नाही, बाळ," महाराज म्हणाले. "तू कशी आहेस?"

काय सांगू तुम्हांला! दीड वर्षात हा प्रश्न त्या पोरीला कुणी केला नव्हता. 'बरी हाय' म्हणायला तिने तोंड उघडले, पण शब्द बाहेर येईना. महाराजांनी तिचा हात हातात घेतला. बोटाभोवती दोऱ्याचे करकोचे पडले होते, आणि तुटका दोरा अजून तिथेच गुंडाळलेला होता.

"हा कशाला?"

ती त्यांच्या कानाशी लागली. "माय रातची उठती. दोरा वढला की मला जाग येती."

"आणि घरात मोठं माणूस कोण?"

"मीच." मग एकदम भ्यालेल्या डोळ्यांनी तिने त्यांचे उपरणे धरले. "कुणाला सांगू नगा, महाराज. मायला साखळी घालत्याल."

"साखळी कुणी घालणार नाही, हा माझा शब्द," महाराज म्हणाले. "पण कुणाला सांगणार नाही, असा शब्द मी देणार नाही. हे तुझ्या एकटीनं वाहायचं ओझं नाही, बाळ. आण तो दोरा. बांध माझ्या करंगळीला. आता माय माझ्या हवाली. तू नीज."

तिने आधी त्यांच्या तोंडाकडे पाहिले, मग करंगळीकडे. मग चांगल्या तीन गाठी मारल्या, शिंप्याचीच लेक ती! महाराजांनी खांबाच्या सावलीत आपले उपरणे अंथरले आणि ती त्यावर आडवी होते न होते तोच तिला गाढ झोप लागली.

महाराज उठून म्हणाले, "तात्या, पुढचा पहारा मला द्या."

"घ्या की," तात्या म्हणाले. त्यांचा राग अजून नाकाच्या शेंड्यावरच होता. "पण महाराज, गळ्यात वीणा आणि करंगळीला वेडीचा दोरा! दोन डगरींवर पाय ठेवून उभं राहता येत नाही म्हणतात."

"बघू या, येतं का ते," एवढेच बोलून महाराजांनी वीणा गळ्यात घेतली. डोळे मिटले आणि नाम सुरू झाले. दोऱ्याचे दुसरे टोक करंगळीवरून मोकळेच लोंबत होते.

अर्धा प्रहर गेला असेल नसेल, कोंडामावशी ऊर बडवीत देवळात शिरली. "अगं सगे! दार सताड उघडं हाय! गिरजा बारवेकडं गेली गं!"

कडी जुनी होती, ती आतून हिसडे देऊन निघाली होती. सगुणा दचकून उठली. तिचा हात पहिल्यांदा आपल्या बोटाकडे गेला, आणि बोट मोकळे होते! "मी निजले! मी निजले!" असे ओरडत ती मागच्या दाराने बारवेकडे धावली.

"धरली ना दोरी महाराजांनी!" नरहरतात्या पुटपुटले. पण कसेही झाले तरी तोंडाचेच तिखट. पायांनी तेही धावत सुटले, आणि त्यांच्या मागे कोंडामावशी.

बोरखडीची बारव चाळीस पायऱ्यांची. सगुणा वरच्या कमानीशी आली आणि तिथेच खिळली. खाली शेवटच्या पायऱ्यांवर माय उभी होती, कमरेपर्यंत पाण्यात. आणि तिच्याच शेजारी, गुडघाभर पाण्यात पाय सोडून, कोण बसले होते? केरोबा महाराज! करंगळीचा दोरा मायच्या हिरव्या पदराला बांधलेला, आणि महाराज तिच्याशी सावकाश बोलत होते.

"ह्यांचा पहारा हाय," माय म्हणत होती. कितीतरी महिन्यांनी तिचा आवाज सगुणेच्या कानी पडला. "वीणा वाजती ना? सकाळधरनं उभं हायती. पाणी न्यायचं हाय त्यांस्नी."

"त्यांचा पहारा झाला, बाई," महाराज म्हणाले. "चांगला झाला. वीणा त्यांच्याकडून मी घेतली आहे. आता तूही वर ये."

मायने त्यांच्याकडे टक लावून पाहिले. "झाला?"

"झाला."

तेव्हा ती माउली दीड वर्षाचे तुंबलेले रडू रडली आणि एक पायरी वर आली. सगुणा खाली झेपावणार, तोच महाराजांनी वर पाहिले. "सावकाश, बाळ. पायऱ्या निसरड्या आहेत. तू तिथंच थांब. कोंडाबाई, तुम्ही या. पदर तुम्ही धरा. हे काम मोठ्या माणसाचं आहे."

कोंडामावशी भिंतीला धरून उतरली. तात्यांनीही चार पायऱ्या उतरून हात दिला. गिरजेला वर आणले, कोरडे लुगडे पांघरले, सगुणेने तिच्या कमरेला घट्ट मिठी मारली. या गडबडीत तात्यांनी मागे वळून पाहिले, तर पायरीवर कुणी नव्हते.

"पुढं गेले असतील," तात्या म्हणाले. पण वर यायला वाट एकच होती, आणि त्या वाटेवर तर ते स्वतः उभे होते.

सगळे देवळात आले. महाराज वीणा गळ्यात घेऊन, डोळे मिटून, होते तिथेच उभे होते.

"महाराज कधी परतले?" तात्यांनी टाळकऱ्यांना विचारले.

"परतले? तात्या, ऊन लागलं का तुम्हाला? महाराज जागचे हललेत कुठं?" पखवाज्या म्हणाला. "नाम एक क्षण थांबलं नाही. फक्त एक नवल झालं. मघापासून त्यांच्या पायाशी पाणी साचतंय. दोनदा पुसलं, पुन्हा साचतं."

तात्यांनी खाली पाहिले. महाराजांचे धोतर गुडघ्यापर्यंत ओलेचिंब होते. करंगळीच्या दोऱ्याला हिरव्या पदराची चिंधी अडकलेली होती. कोंडामावशीने गिरजेच्या पदराचे टोक वर करून दाखवले, तिथे तेवढाच तुकडा फाटलेला होता. धन्य ते महाराज, आणि धन्य ते डोळे ज्यांनी हे पाहिले! तात्यांच्या तोंडचे पाणी पळाले.

देवळात जयजयकार उठला. पण त्या जयजयकारात सगुणा मात्र हमसून हमसून रडत होती.

"आता का गं?" महाराजांनी डोळे उघडले.

"समदं माझ्यामुळं झालं," ती म्हणाली. छातीवरची ती जड गोष्ट अखेर बाहेर आली. "दोन सालामागं बाचा पहारा होता. मी भाकर घिऊन पळत आले, न् बाच्या गुडघ्याला मिठी मारली. बा लडखडला. वीणा भुईला टेकली. बानं पुसली न् हसला, म्हनला, कुणाला सांगू नगंस. मग साथीत बा गेला. मग माय अशी झाली. म्या देवाचा पहारा मोडला म्हनून झालं."

सगळ्यांच्या नजरा नरहरतात्यांकडे वळल्या. बत्तीस वर्षांची ती फुशारकी एका पोरीच्या तोंडून खोटी ठरली होती! तात्यांचा हात नकळत कमरेच्या यादीकडे गेला.

आणि महाराजांनी काय करावे? त्यांनी गळ्यातली वीणा काढली. खाली वाकले. आणि सगळ्या गावादेखत वीणा भुईवर ठेवली.

"महाराज!" तात्यांच्या तोंडून किंकाळीच फुटली.

"टेकली," महाराज म्हणाले. "मुद्दाम टेकवली. बघ सगुणा, आभाळ पडलं का? समोर मारुतीराय रुसले का? अगं, हा भोपळा आहे आणि ही तार आहे. देव काय भोपळ्यात दबा धरून बसतो, लेकराच्या मिठीचा सूड घ्यायला? त्या साथीत अठरा माणसं गेली. तुझा बाप सोडून सतरा. त्या सतरांच्या घरी कुणी वीणा टेकवली होती?"

सगुणा रडायची थांबली. सतरा घरे तिने मनातल्या मनात मोजली असावीत.

"तुझ्या बापाला पटकीनं नेलं. तुझ्या मायला आजार आहे. अंगाला ताप येतो तसा मनालाही येतो. तो तू आणला नाहीस. तू कितीही जागलीस तरी तुझ्या जागण्यानं तो जाणारही नाही. त्याला वैद्य लागतो, औषध लागतं, आणि माणसं लागतात."

मग महाराज तात्यांकडे वळले. आवाज मात्र चढला नाही.

"तात्या, बत्तीस वर्षं वीणा उभी राहिली म्हणता. कशी राहिली? एकटे तुम्ही धरून उभे होता का? नाही. एकाचे हात भरून आले की दुसरा पुढं येऊन म्हणाला, माउली, द्या. म्हणून राहिली. ही नऊ वर्षांची पोर दीड वर्ष एकटी पहाऱ्याला उभी आहे. रात्र नाही, दिवस नाही. सव्वाशे उंबऱ्याचं गाव हे. हिच्यापुढं येऊन कोण म्हणालं, माउली, द्या?"

मघाशी फिसकन हसलेल्या बायांनी पदर तोंडाला लावले होते.

पुढचे थोडक्यात सांगतो आणि मग पुन्हा याच जागी येतो. त्याच संध्याकाळी तात्यांचा छकडा परगावच्या वैद्यांना आणायला गेला. गिरजा एका दिवसात बरी झाली, असे मी सांगणार नाही. महाराजांनीही तसे कधी सांगू दिले नाही. काही दिवस चांगले जात, काही वाईट. पण सप्ताहाची यादी संपल्यावर तात्यांनी खाली दुसरी यादी लिहिली. रात्री गिरजेच्या घरी कुणी निजायचे, दुपारी कुणी बसायचे, सगुणेला कुणाकडे जेवू घालायचे. वर्षभराने गिरजेने पुन्हा सुई हातात घेतली. साखळीचे नाव गावात पुन्हा कुणी काढले नाही.

तर आता पुन्हा त्या दुपारी, देवळात. वीणा भुईवर होती. गाव खाली मान घालून उभे होते. नरहरतात्या पुढे आले आणि महाराजांच्या पायांवर पडायला वाकले. महाराज बाजूला झाले.

"पहारा माझा नव्हता, तात्या," ते म्हणाले. त्यांनी करंगळीचा दोरा सोडवला, हिरव्या चिंधीसकट, आणि सगुणेच्या हातात दिला. "ज्याचा आहे त्याच्याकडून मागा. रीत तुम्हांला ठाऊक आहे."

तात्यांनी पागोटे काढून काखेत धरले. त्या आडव्यातिडव्या अंगाच्या माणसाला खाली वाकताना फार वेळ लागला. फरशी अजून ओली होती, त्या ओल्या फरशीवर ते गुडघे टेकून बसले.

"माउली," ते म्हणाले, "द्या."

सगुणेने महाराजांकडे पाहिले. महाराजांनी मान हलवली. तिने तो दोरा तात्यांच्या बोटाला बांधला, तीन गाठी मारल्या, आणि रीतीप्रमाणे वाकून त्यांच्या पायांना हात लावला. तात्यांनी आपले कपाळ त्या पोरीच्या भेगाळलेल्या, धुळीने माखलेल्या पावलांवर ठेवले. कितीतरी वेळ त्यांनी ते उचलले नाही.

"आता म्या काय करू?" सगुणेने विचारले.

"तुझा पहारा झाला, बाळ," महाराज म्हणाले. त्यांनी भुईवरची वीणा उचलून पुढच्या माणसाच्या गळ्यात घातली, आपला खराटा घेतला, आणि राहिलेला कोपरा झाडायला गेले.